कष्टात पाचपैकी पाच

माझं आधार कार्ड त्यानं सीटखालून काढून दिलं. देताना आधी फोटोकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग पुन्हा फोटोकडं.

"मॅडम, हा तुमचा कार्ड?"

"माझंच."

"फोटोत फार रागात आहात. कुणावर?"

मी कार्ड ओढून घेतलं आणि त्याच्याकडं रोखून बघितलं. तसा तो मान डोलावून म्हणाला, "अच्छा… फोटो अगदी बरोबर आलाय."

बेळगाव-निपाणी बस नुकतीच संकेश्वरातनं सुटली होती. आमच्याकडं कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट. कंडक्टरला कार्ड दाखवायचं, शून्याचं तिकीट घ्यायचं. संकेश्वरात चढलेल्या चेकरला तेच दाखवताना कार्ड निसटलं, कारण दुसऱ्या हातात फोन होता आणि फोनवर आई. ऋतिकाचं अंग गरम लागतंय का, हे मी त्या सकाळी तिसऱ्यांदा विचारत होते. आणि हा कोण कुठला माणूस शेजारी येऊन बसतो काय… मी हसले नाही. म्हणजे हसले, पण खिडकीकडं तोंड करून.

निपाणी स्टँडवर उतरले, तर तोही उतरला. मी वळले, तोही वळला. तंबाखूच्या वखारींच्या गल्लीत तो उग्र वास नाकात शिरला, तसे मी पाय उचलले. मागं त्याचेही बूट टकटक उचलले गेले. कॉलेजच्या फाटकाशी वॉचमन गुंडूमामा दिसले तेव्हा कुठं धीर आला. मी गर्रकन वळले.

"मागं का येताय माझ्या?"

"मागं नाही, मॅडम…" त्यानं घाईघाईनं बॅगेतनं कागद काढला. नेमणुकीचं पत्र. "आजपासून मी इथं कन्नड शिकवणार. रस्ता माहीत नाही. तुमच्या हातात हजेरीबुक होता. म्हटलं, ह्यांच्या मागनं गेलं की चुकायचं नाही."

गुंडूमामा खो-खो हसले. "पूर्णिमा मॅडम, घ्या की सरास्नी आत! बिचारं दमलंय पळून."

तो अडिवेश हुक्केरी. संकेश्वरला राहणारा, तिथूनच रोज बसला चढणारा.

माझी बस सकाळी सातची. बेळगावच्या वडगावातनं स्कूटरनं स्टँडवर, तिथनं निपाणी. मी अर्थशास्त्र शिकवते, अतिथी म्हणून. म्हणजे पगाराच्या कागदावर दर वर्षी नव्यानं पाहुणी. घटस्फोटाला तीन वर्षं झाली, ऋतिकाला चार. घरी आई, चंपाबाई. ती चरख्यावर साडीच्या कांड्या भरत एका डोळ्यानं नातीकडं बघते. त्या एका डोळ्यावर माझा सगळा दिवस टांगलेला. पुण्यात भाऊ आहे, स्वरूप. त्यानं निक्षून सांगितलेलं, "आक्का, एवढ्या लांब रोज जातीस पोरगीला टाकून. ह्या वर्षी बघ. पुढं तास मिळाले तर ऱ्हा, न्हायतर तिघी इकडं या." मी 'व्हय' म्हटलं होतं. तेव्हा 'व्हय' म्हणणं सोपं होतं.

मग संकेश्वर ते निपाणी ही चाळीस मिनिटं हळूहळू माझ्या दिवसात जागा करून बसली.

त्याच्या मराठीत सगळ्या वस्तू पुरुष होत्या. तुमचा साडी, माझा पिशवी, आपला बस. चहा तेवढा बरोबर यायचा.

"ती पिशवी, सर. ती."

"का? तिनं काय केलं म्हणून ती 'ती'?"

"असतं तसं."

"कन्नडमध्ये बरं आहे. पिशवीमध्ये बाई-पुरुष काही नाही. पिशवी म्हणजे पिशवी." मग त्यानं विचारलं, "मराठीत प्रेम काय असतं, तो की ती?"

"ते."

"ते प्रेम…?" त्यानं भुवया वर केल्या. "इतका मोठा गोष्ट, आणि ना बाई, ना पुरुष?"

"व्याकरणात तसंच आहे," मी म्हटलं आणि पदराचं टोक उगाच बोटाला गुंडाळत बसले. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. व्याकरणानं असं कधी केलं नव्हतं.

एकदा मला वर्गात मागणीची लवचिकता शिकवायची होती. भाव वाढला तरी मीठ कुणी सोडत नाही, पण मिरची महागली की बाई हात आखडते, असं. बोलता बोलता मी म्हटलं, "तुमच्या संकेश्वरी मिरचीचं उदाहरण घेणार आहे." दुसऱ्या दिवशी हा माणूस वर्तमानपत्रात बांधलेली मिरच्यांची पुडी घेऊन बसमध्ये हजर. लांब, काळपट लाल, देठासकट.

"पोरींना हातात द्या. हातात आला की डोक्यात जातो."

"मिरची डोक्यात गेली तर पंचाईत होईल, सर."

"माझ्या डोक्यात गेलाच आहे," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. कुठली मिरची, ते त्यानं सांगितलं नाही. मी विचारलंही नाही…

मी माणसं न्याहाळते. एकदा न न्याहाळता माणूस निवडला, त्यातनं लागलेली ही सवय. म्हणून ह्यालाही न्याहाळत होते. तो कंडक्टरशी आणि प्राचार्यांशी एकाच आवाजात बोलायचा. ऋतिकाला खोकला झाला की "काळजी करू नका" असं कधी म्हणायचा नाही. "रात्री झोप लागला का? काय खाल्लं?" असं विचारायचा आणि उत्तर ऐकून घ्यायचा. काळजी करू नका म्हणणारी माणसं मला नेहमी घाईत वाटतात. ह्याला घाई नव्हती.

डिसेंबरात नोटीस लागली. विद्यार्थी आता शिक्षकांना मार्क देणार. मोबाईलवर फॉर्म, पाच प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच. सरासरी चारच्या खाली गेली, तर अतिथी शिक्षकाला पुढच्या वर्षी तास नाहीत. कायम शिक्षकांना काही नाही. त्यांच्यात पहिला येणाऱ्याला शाल आणि श्रीफळ.

आठवड्यानं प्राचार्यांनी मला बोलावलं. चांगला माणूस, त्यामुळं त्यांना जास्त अवघड गेलं.

"पूर्णिमा मॅडम, तीन पूर्णांक ऐंशीच्या आसपास येताय. बाकी चार प्रश्नांत उत्तम आहात. पण तिसऱ्यात… एक पूर्णांक दोन. तुमचं शिकवणं मुलांना फार जड जातंय. शनिवारी यादी कमिटीपुढं जाईल."

"पहिलं कोण आलं, सर?" का विचारलं, मलाच ठाऊक नाही.

"इतिहासाचे मारुतीराव सर." प्राचार्यांना खोकला आला. मारुतीराव सर वर्गात पंधरा वर्षांपूर्वीची वही उघडतात, दोन पानं वाचतात आणि खिडकीशी उभं राहून तंबाखू मळतात, हे साऱ्या निपाणीला माहीत होतं.

संध्याकाळच्या बसमध्ये मी प्राचार्यांनी दिलेला मार्कांचा कागद मुठीत धरून बसले होते. शेवटी तो अडिवेशच्या मांडीवर ठेवला.

त्यानं वाचला. पुन्हा वाचला. मग म्हणाला, "हे खोटा आहे."

"मुलांनी दिलेत मार्क. खोटे कसे?"

"मी रोज तुमच्या वर्गाच्या बाहेरनं जातो, मॅडम. आत पोरं हसत असतात. जड जात असेल तर कोण हसतो?"

एवढं पुरे झालं. माझे डोळे भरले. त्यानं आपला रुमाल आमच्या मधल्या जागेत ठेवला, माझ्या हातात नाही. मी तो घेतला. पुण्याच्या घरातलं ते जादाचं कपाट, स्वरूपच्या बायकोनं रिकामं करून ठेवलेलं, डोळ्यांसमोर आलं. तिथं ही चाळीस मिनिटं कुठल्या कप्प्यात ठेवायची?

दुसऱ्या दिवशी शेवटचा तास संपल्यावर अक्कोळ गावची स्वरूपा मागं रेंगाळली. वर्गातली सगळ्यात धीट पोरगी.

"मॅडम, तोंड का वो उतरलंय?"

खरं तर विचारायचं नसतं. कुणी काय मार्क दिले, ते गुप्त असतं. पण माझ्यातली शिक्षिका दुखावली होती. "स्वरूपा, एवढंच सांग. माझं शिकवणं अवघड वाटतं का गं तुम्हाला?"

"अवघड? कोण म्हणालं?" ती उसळलीच. "तुमास्नी तर आमी सगळ्यांनी कष्टात पाचपैकी पाच दिलंय!"

"कशात?"

"कष्टात. त्यो तिसरा प्रश्न न्हाय का! मराठीतनं नोट्स काढता, मिरच्या घिऊन येता, जादा तास घेता. लई कष्ट घेता म्हणून पाच! आनि मारुतीराव सरास्नी एक. त्यास्नी कष्ट कुठलं वो, तंबाखू मळायचं?"

मी मटकन बाकावर बसले. तिच्या मोबाईलवर फॉर्म अजून होता. इंग्रजी प्रश्न दोन-दोन ओळींचे; त्यांच्या वाटेला पोरं गेलीच नव्हती. खाली कन्नड. कन्नड अक्षरं पोरं शाळेत शिकलेली, पण अर्थ लावायचा तो आपल्या घरच्या भाषेत. तिसऱ्या प्रश्नात तीनच शब्द होते. 'इवर पाठ कष्टवे?'

कन्नडमध्ये कष्ट म्हणजे कठीण. ह्यांचा पाठ कठीण वाटतो का? जेवढं 'हो', तेवढे मार्क कमी. आणि माझ्या पोरांनी तो ओळखीचा शब्द बघून मनापासून, हौसेनं मला पाच दिले होते! त्याच हौसेनं मारुतीराव सरांना एक दिला होता आणि शालीपर्यंत पोचवलं होतं. बाकीचे प्रश्न वेळेवर येण्याचे, गोड बोलण्याचे; त्यात ते कधीच मागं नव्हते.

मी हसले. मग रडले. मग स्वरूपाला जवळ घेतलं. ती घाबरलीच. "आमचं काय चुकलं, मॅडम?"

"काही नाही गं… तुम्ही मला एवढं दिलं होतं, आणि मला माहीतच नव्हतं."

संध्याकाळी बस हलायच्या आधीच मी अडिवेशला सगळं सांगून टाकलं, हातवारे करत, हसत. तो हसला नाही. त्याचा चेहरा उतरत गेला.

"मॅडम… तो फॉर्म मी लिहिला."

"म्हणजे?"

"इंग्रजीवरनं कन्नडमध्ये मीच केला. प्राचार्यांनी सांगितलं होतं. ते 'कष्ट' माझा आहे."

बस सुटली. मी खिडकीकडं वळले, पण ह्या वेळी हसायला नाही. रोज मराठी शिकतो माझ्याकडनं, आणि हा एक शब्द विचारावासा वाटला नाही? बारा गावची मराठी पोरं वर्गात बसतात, हे दिसलं नाही? संकेश्वर येईपर्यंत मी बोलले नाही. उतरताना तो क्षणभर दाराशी थांबला… आणि उतरला.

घरी आल्यावर माझा राग निवला आणि भीती सुरू झाली. तो वर्षभर परिविक्षेवर, म्हणजे कच्च्या नोकरीवर होता. चूक कबूल केली तर फाइलला लागणार. नाही केली तर मी पुण्याला जाणार. आणि मी एकटीनं जाऊन सांगितलं, तर नोकरी वाचवायला बाई कारणं शोधतेय असंच वाटणार. माझ्या आधीच्या संसारात चूक नेहमी माझीच असायची. दूध उतू गेलं तरी माझी, पाऊस पडला तरी माझी. 'माझं चुकलं' हे शब्द चार वर्षांत त्या घरात माझ्याशिवाय कुणी उच्चारले नव्हते. त्यामुळं हा माणूस बोलेल, अशी आशा करायलाही मला जमत नव्हतं. मी आईला म्हटलं, "बघू, स्वरूपला फोन करून ठेवते." आईनं चरखा थांबवला.

सकाळी संकेश्वरला तो चढला नाही. शेजारची सीट रिकामी. एक म्हातारी तिथं भाजीची बुट्टी ठेवून गेली.

कॉलेजात पोचले, तर स्टाफरूममध्ये मारुतीराव सर खुर्चीवर रेलून बसलेले. मला बघताच सरळ झाले.

"या, या पूर्णिमाबाई! आज तुमच्या पायी माझी शाल गेली बघा."

"काय झालं, सर?"

"तो हुक्केरी पहिल्या गाडीनं आला की! प्राचार्यांच्या दारात उभा. मी तिथं सही करायला गेलतो. आत जाऊन धाडदिशी म्हणाला, 'सर, फॉर्ममध्ये माझा चूक आहे.' मी आपलं त्याचं मराठी सुधारलं. म्हटलं, 'माझी चूक.' तर माझ्याकडं वळून म्हणतो कसा, 'नाही सर, तुमची कशी? माझा!'"

मारुतीराव सर टेबलावर हात आपटून हसले. मी हसता हसता भिंतीला टेकले.

"प्राचार्य म्हणाले, 'लेखी द्यावं लागेल, तुमच्या फाइलला राहील.' म्हणाला, 'राहू दे.' खिशातनं कागद काढला. लिहूनच आणलावता. आनि म्हणाला, 'तो एक प्रश्न मराठीतनं पुन्हा विचारा, सगळ्यांच्याबद्दल. मॅडम वर्गात नकोत, मी पण नको.' आता गुंडू वॉचमनला घिऊन प्राचार्य स्वतः गेल्यात वर्गावर, चिठ्ठ्या वाटायला."

अर्धा तास मी त्या स्टाफरूममध्ये बसून होते. बाहेर वखारींवरनं येणारा वारा, खाली पोरांचा गलका. आईला फोन लावला, ऋतिका खेळतेय म्हणाली. दुसऱ्यांदा लावला नाही. त्या दिवशी मला स्वतःचंच आश्चर्य वाटलं.

चिठ्ठीवर प्रश्न होता : 'ह्यांनी शिकवलेलं समजतं का?' निकाल प्राचार्यांनी स्वतः येऊन सांगितला. साडेचार. म्हणजे एकूण सरासरीही साडेचारला टेकलेली. माझे तास राहिले. मारुतीराव सर पहिल्यावरनं घसरून नवव्यावर गेले आणि माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाले, "पोरांनी 'कष्टात एक' हे मनापासनं लिहिलंवतं, बाई. तीस वर्षांत माझ्याबद्दल एवढं खरं कुणी बोललं न्हाय. उद्यापासनं नवी वही घ्यावी म्हणतो." आणि खरंच, त्यांनी जानेवारीत घेतली.

संध्याकाळी बसमध्ये अडिवेश मागच्या सीटवर जाऊन बसला होता. एकटाच. मी माझी जागा सोडून मागं गेले.

"सरका."

तो सरकला. बराच वेळ आम्ही दोघं समोरच्या सीटच्या पाठीवर कुणी तरी कोरलेलं नाव वाचत राहिलो.

"रागात आहात?" त्यानं विचारलं.

"फोटोएवढी नाही."

"मी रात्रभर विचार केला. मला सगळ्यात जास्त कशाचा लाज वाटला, सांगू? चुकीचा नाही. तुम्ही काल गप्प झालात, तेव्हा वाटलं, आता ह्या बाई आपल्याशी बोलणार नाहीत… आणि मी ते चूक सुधारायला जातोय, ते तुमच्या नोकरीसाठी जातोय की आपल्या चाळीस मिनिटांसाठी, ते मला कळेना."

"मग? कळलं?"

"पत्र लिहिताना नोकरीसाठी लिहिलं. बसमध्ये चढलो तेव्हा…" तो अडखळला. "मॅडम, हे मराठीत कसं म्हणतात, मला येत नाही."

मी उत्तर देणार, तेवढ्यात माझा फोन वाजला. स्वरूप.

"आक्का, आईनं सांगितलं, कायतरी मार्कांचा घोळ झालाय म्हणून. मग? कपाट रिकामंच ठेवू का भरून टाकू?"

"भरून टाक. तास मिळाले."

"अगं, पण रोज दीडशे किलोमीटर! नुसत्या तासांसाठी कशाला एवढी ओढाताण?"

मी शेजारी बघितलं. तो खिडकीबाहेर बघत असल्याचं सोंग करत होता. कान मात्र इकडंच होता. भीती होतीच, माझी जुनी ओळखीची. पण तिच्याबरोबर आणखीही काही तरी होतं.

"नुसत्या तासांसाठी नाही, स्वरूप," मी म्हटलं. "इथं एक माणूस आहे. त्याला स्वतःची चूक कबूल करता येते."

पलीकडनं स्वरूपचा हळू आवाज, "आक्का… खरं?"

"खरं. नंतर बोलते."

फोन ठेवला. अडिवेश वळला, तेव्हा त्याचे डोळे ओले होते आणि तोंडावर हसू होतं.

"कोण माणूस, मॅडम?"

"आहे एक. मराठी फार वाईट आहे त्याचं."

"आणि त्या माणसाला कुणी विचारलं का?"

"नाही. त्याला ऋतिका विचारेल. माझ्या हातात काही नाही, आधीच सांगते. ती मार्क द्यायला फार कडक आहे."

"मग अभ्यास करून येतो." त्यानं माझा हात धरला नाही. आपला तळवा सीटवर उघडा ठेवला, रुमाल ठेवला होता तसा. मी माझा हात त्यावर ठेवला. उबदार होता. तेव्हापासून आजपर्यंत त्या हाताबद्दल मी किती वेळा मनात आभार मानले असतील… आणि स्वरूपाचे, तिच्या बरोबरच्या पोरांचे, त्यांच्या त्या भरभरून चुकलेल्या मार्कांचेही.

संकेश्वर आलं. तो उठला. कन्नडमध्ये निरोप घेताना 'जातो' म्हणत नाहीत, आपल्यासारखंच 'येतो' म्हणतात. रोज उतरताना तो तेच म्हणायचा आणि मी रोज नुसती मान हलवायचे.

"बरतीनि," तो पायरीवरनं म्हणाला.

"या," मी म्हटलं.

एवढ्या वर्षांत पाहुण्यांना हजारदा म्हटलेला शब्द. पण तोंडातनं बाहेर पडल्यावर मला कळलं की ह्या वेळी तो मी खरोखरच म्हटलाय. बस हलली तशी मी खिडकीतनं बाहेर वाकले.

"रविवारी या! वडगावला! सकाळी!"

"आक्का, मान आत घ्या!" कंडक्टर ओरडला.

तो स्टँडवर उभा होता, भोवती सगळी गर्दी. दोन्ही हात तोंडाशी धरून त्यानं विचारलं, "ऋतिकाला काय आणली तर आवडेल?"

मला हसू आवरेना. त्याच्या तोंडी पहिल्यांदाच एक क्रियापद बाईमाणूस झालं होतं, आणि तेही चुकीच्या जागी.

"पेरू!" मी ओरडले. "पण बिया काढून!"